बिनमुठीचा विळा आणि आप्पांचं सफरचंद

ओळखलंत का मला? नाही ना? साहजिक आहे. अंगावर गंजाचे डाग, धार झिजून निम्म्यावर आलेली, पाठीला पोक. मित्रांनो, मी विळा आहे. तापीकाठच्या आमच्या गावात मला इळा म्हणतात. वय मात्र विचारू नका. जुन्या लोखंडाला वय विचारलं की त्याला भंगारवाला आठवतो.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा, पण मूठ तर नवी कोरी दिसते! दिसते खरी. तिचीच गोष्ट सांगायला बसलोय. पण मला सुरुवातीपासून सांगू द्या, मधे घाई करायची नाही.

विळा होण्याआधी मी ट्रकचा पाटा होतो. ट्रकच्या पोटाखाली ओझं झेलणारी लोखंडी कमान असते, तिला पाटा म्हणतात. सुरतेकडून भरून आलेला एक ट्रक विसरवाडीच्या नाक्यावर खड्ड्यात असा काही आदळला की माझे दोन तुकडे झाले. ड्रायव्हरनं मला शिव्या घातल्या. खड्ड्याला एकही घातली नाही. नाक्यावरच्या लोहारानं मला उचललं, भट्टीत लालभडक केलं, ठोकून ठोकून वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. चर्रर्र झालं आणि मी विळा झालो.

त्याच दिवशी एक एसटी चहापाण्याला नाक्यावर थांबली. तिच्यात लोटन पाटील नावाचा एक तरणाबांड शेतकरी होता आणि शेजारी त्याची नवी नवरी वत्सला. लोटन चहा प्यायला उतरला आणि मला घेऊन परत चढला.

"हाऊ काय लयनात तुम्ही?" वत्सलानं तोंडाला पदर लावून विचारलं. कोणी नव्या नवरीला बांगड्या घेतं, कोणी गजरा घेतं. ह्या गृहस्थानं विळा घेतला होता!

"बाजरी कापाले," लोटन म्हणाला. "आपला घर गंज बाजरी शे." गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ, बरं का. माझ्या अंगावरचा गंज नव्हे.

वत्सला रुसली नाही. हसत सुटली. सासरच्या वाटेवर मी तिच्या मांडीवर, गाठोड्याच्या वर होतो. घरी पोचल्यावर लोटननं बाभळीचं लाकूड तासून मला मूठ बसवली. वत्सलाचा हात लहान म्हणून मूठही बारीक केली, आणि शेवटी अंगठा टेकायला एक खोलगट जागा कोरली. तेव्हापासून मी तिचा झालो. दुसऱ्या कोणी मला हातात घेतलं की त्याचा अंगठा नेमका घसरायचा.

काय दिवस होते ते! बाजरी कापली, ज्वारी कापली, बांधावरचं गवत कापलं. पुढं तापीचं पाणी शेतात आलं आणि केळी आली, तेव्हा केळीची वाळलेली पानं उतरवली. पहाटे वत्सला अंगणातल्या दगडावर पाणी शिंपडून मला घासायची. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज ऐकला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची, कारण विळा निघाला म्हणजे चारा येणार. कापणीला वत्सला सगळ्यांच्या पुढं असायची. बाया म्हणायच्या, "वत्सलाना इळाले पाय शेत!" पाय तिचे होते, पण कौतुक माझं व्हायचं. मी काही दुरुस्त करायला गेलो नाही.

वर्षं गेली. लोटनचे आप्पा झाले, वत्सलाच्या वत्सलाबाई झाल्या. मुलगा हेमकांत हाताशी आला, शेत पाहू लागला. आणि मग आप्पांच्या डोक्यात सफरचंद शिरलं.

शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर आप्पा एकदा पार हिमाचलात जाऊन आले होते. तिथं त्यांनी झाडावरून तोडलेलं सफरचंद खाल्लं होतं. परत आल्यावर पुढं कितीतरी वर्षं ते त्या एका फळाची गोष्ट सांगत. "वत्सला," ते म्हणत, "तुले एक दिन झाडवरनं तोडेल सफरचंद खावाडसू." वत्सलाबाई म्हणत, "पहिले ताटमधली भाकर खावा." आणि एक दिवस आप्पांना कळलं की कमी थंडीतही येणारी सफरचंदाची कलमं आता मिळतात. झालं! विहिरीपासून लांबच्या बांधापर्यंत त्यांनी ओळीनं कलमं लावली.

गाव हसलं. "आप्पा, सफरचंद काश्मीरले पिकस, तापीकाठे नही! उद्या बरफ बी पाडशात का?" आप्पाही त्यांच्याबरोबर हसले आणि पाणी द्यायला निघून गेले.

कलमं लावताना मी तिथं होतो, खड्ड्यांतलं गवत काढत होतो. आप्पांनी प्रत्येक रोप लावताना एक गोष्ट केली. कलमाचा जोड, म्हणजे खालचं खोड आणि वरची डहाळी जिथं सांधलेली असते ती गाठ, त्यांनी मातीच्या चांगली वीतभर वर ठेवली. का ठेवली, ते बोलले नाहीत. बोलघेवडे होते, पण नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं.

विहिरीजवळच्या झाडाला सर्वांत आधी फळं लागली. मृगाचे दिवस होते. आप्पांनी त्यातलं सर्वांत लाल फळ तोडलं, माझ्यावरची धूळ धोतराला पुसली आणि मला उलटं धरून फळाचे दोन भाग केले. अर्धं वत्सलाबाईंना दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मित्रांनो, मी आयुष्यभर काय काय कापलं, पण त्या फळाचा रस धारेवरून उतरला, तसं पुन्हा काही झालं नाही.

त्याच पावसाळ्यात आप्पा गेले. दुखणं छोटं होतं आणि माणूस मोठा होता. घर सुन्न झालं.

दिवसकार्य झाल्यावर वत्सलाबाई मला घेऊन बागेत गेल्या. विहिरीजवळच्या झाडापाशी उभ्या राहिल्या. बुंध्याशी बघितलं तर जोड उघडा, माती खाली. केळीला आपण काय करतो? बुंध्याशी माती ओढून ओढून भर लावतो. म्हणजे झाड उभं राहतं, पडत नाही, जोमानं वाढतं. साऱ्या हयातीत त्यांनी हजारो केळींना भर लावली होती. "त्यास्नाकडथीन भर लावानं राही गयं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आप्पांचं काम अर्धवट राहिलं, असं त्यांना वाटलं. आणि त्यांनी ते पूर्ण करायला घेतलं.

मी बुंध्याभोवतीचं गवत काढत होतो. एका मुळीत माझं टोक अडकलं, बाईंनी ओढलं आणि कडकन माझी मूठ मोडली. बाभळीची मूठ, आप्पांच्या हातची! बाई तिथंच मातीत बसल्या आणि पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. आप्पा गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, बरं का. त्या मुठीसाठी रडल्या.

हेमकांत म्हणाला, नवी मूठ बसवून आणतो. बाई म्हणाल्या, नको. सुताराचं नको, बाजारातलं नको. मी बिनमुठीचा राहिलो. ओसरीवरच्या खुंटीला मला अडकवलं आणि माझी नोकरी संपली. बाजारातून दुसरा विळा आला, निळ्या प्लास्टिकच्या मुठीचा. त्याच्याविषयी मी काही बोलणार नाही. थोरांनी लहानांविषयी वाईट बोलू नये.

वर्षातून एकदा मात्र मला मान मिळायचा. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात. वत्सलाबाई मला हौसेनं मधोमध ठेवायच्या आणि कुंकू पाण्यात कालवून माझ्या पात्यावर मोठा थोरला टिळा लावायच्या. मग तसंच ओल्या टिळ्यासकट पुन्हा खुंटीला. माझ्या पात्यावर मधोमध गंजाचा गोल डाग पडलाय, दिसतो का? तो त्याच टिळ्याचा.

इकडे बाई दर पावसाळ्याच्या तोंडाशी बागेत जाऊन भर लावत होत्या. पहिली माती बसली की आणखी माती. ठिबकची नळी बुंध्याला अगदी खेटून, म्हणजे झाडाला पाण्यासाठी लांब जायला नको! वर केळीच्या वाळक्या पानांचं पांघरूण. सर्वांत जास्त लाड विहिरीजवळच्या झाडाचे. लांबच्या बांधापर्यंत मात्र त्यांचे गुडघे साथ देत नसत, तिकडच्या ओळी तशाच राहायच्या. त्याची त्यांना खंत वाटे. "तिकडली झाडं मन्हावर रुसी जातीन," असं त्या म्हणायच्या.

मागच्या पावसाळ्यात झाडं बिघडू लागली. हेमकांत रोज संध्याकाळी ओसरीवर बसून सांगायचा आणि मी खुंटीवरून ऐकायचो. कोवळ्या शेंड्यांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतंय. पानांवर काळपट ठिपके पडताहेत. विहिरीकडची झाडं तर वेळेआधीच पिवळी-तांबडी पडून पानं टाकताहेत. तो दुकानातून बाटली आणायचा, पानांवर फवारायचा. पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली.

खंडेनवमीच्या सकाळी, मी पाटावर कुंकू लावून घेत होतो, तेव्हा त्यानं आईला सांगून टाकलं.

"माय, हाई बाग आते ऱ्हात नही. झाडं मरी ऱ्हायनात. दिवाळीना आंगे तठे केळी लावसू. रोपं सांगी ठेयेल शेतस, ट्रॅक्टर बी सांगेल शे."

वत्सलाबाईंचा हात माझ्या पात्यावर थांबला. "तुन्हा बापनी लायेल शे ती बाग."

"मले माहीत नही का, माय?" हेमकांतचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पन मरेल झाडले पानी घालीसन बाप वापस येस का?"

बोलून गेला आणि खाली मान घालून बसला. मुलगा वाईट नव्हता हो. रोज मरती झाडं बघून तोही आतून तुटला होता. माझ्यावरचा टिळा त्या दिवशी वाकडा लागला.

पण नशीब बघा. औषधांचे दुकानदार झुंबरलाल शेठ यांनीच हेमकांतला अडवलं. जेवताना तो आईला सांगत होता. शेठ म्हणाले, "हेमकांतभाऊ, माल विकायला मी बसलोच आहे. पण पानं पिवळी पडली एवढ्यावर तुम्हाला किती बाटल्या देऊ? आधी रोग ओळखून घ्या." आणि त्यांनी कृषी खात्यातल्या दिपालीताईंचा नंबर दिला. ताई मूळच्या तळोद्याकडच्या. झाडांच्या रोगांचं शिक्षण घेतलेल्या.

दोनच दिवसांत ताई आल्या. पायात बूट, खांद्याला पिशवी. आधी त्यांनी शेंडे बघितले. "ही भुरी," त्या म्हणाल्या. "पांढरा शेंडा दिसला की खुडायचा, पिशवीत टाकायचा आणि बागेबाहेर न्यायचा. झटकायचा नाही, नाहीतर पीठ शेजाऱ्यावर पडतं." मग पानं बघितली. "हे ठिपक्यांचं. गळलेली पानं झाडाखाली राहू देऊ नका. रोग त्यांच्यातच मुक्काम करतो आणि पुढच्या पावसात वर चढतो. फांद्या विरळ करा, वारं खेळू द्या. ह्या दोन दुखण्यांनी झाड मरत नाही."

"मंग मरी का ऱ्हायनात? पानेसवर गंज औषध मारं, ताई," हेमकांत म्हणाला.

ताई विहिरीजवळच्या झाडापाशी येऊन थांबल्या. वर बघितलं नाही, खाली बघितलं. "ह्याचा जोड कुठंय?"

कुणालाच कळेना. जोड मातीच्या आत कधीच गडप झाला होता. ताईंनी हातानं माती उकरली आणि म्हणाल्या, "टोकदार लोखंड आहे का काही? साल खरवडून बघायचीय."

निळ्या मुठीचा विळा शेजाऱ्याकडे गेला होता. देव असतो, मित्रांनो! वत्सलाबाई घरी जाऊन मला घेऊन आल्या. माझ्या उघड्या शेपटाला त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती.

ताईंनी मला उलटसुलट करून बघितलं. पात्यावरच्या गोल डागावर बोट ठेवून त्या हसल्या. "आजी, कुंकू ओलं लावता ना?"

"देवना कामले कोरडं कसं लावानं?" वत्सलाबाई म्हणाल्या.

ताईंनी विटेच्या तुकड्यानं माझं टोक लख्ख घासलं आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. झोंबलं हो! पण दुसऱ्या झाडाची घाण ह्या झाडाला लागू नये म्हणून प्रत्येक झाडाला ते करावंच लागतं. मग मी बुंध्यावर टेकलो. माती बाजूला, जोडावरची साल खरवडली. आत तपकिरी, बुळबुळीत, आणि आंबलेल्या ताकासारखा वास. ताई थोड्या बाजूला सरकल्या, पुन्हा खरवडलं. तपकिरी. मागच्या बाजूला. तपकिरी.

"ही खोडकूज," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "सालीतून मुळांचं आणि पानांचं देणंघेणं चालतं. अर्धी साल जरी हिरवी राहिली तरी झाड वाचतं. पण कूज चारी बाजूंनी फिरली की संपलं."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं झालं होतं. दुखणं बुंध्याशी आणि फवारणी शेंड्यावर.

मी त्या झाडाभोवती सगळा फिरलो. प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, आता हिरवं लागू दे, बोटभर तरी लागू दे. मला जसं कळत होतं तसंच त्या मायलेकांनाही कळत होतं. लागलं नाही. आप्पांचं पहिलं झाड गेलेलं होतं.

"कशानी लागनी हाई कूज?" वत्सलाबाईंनी विचारलं.

ताईंनी मला खाली ठेवलं. "आजी, हे झाड केळीसारखं नाही. ह्याच्या जोडाला उघडी हवा लागते. ओली माती तिथं साचून राहिली की कूज धरते."

बाई खाली बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "मी लाई भर. त्यास्नाकडथीन राही गयं, आसं मले वाटनं." मग हळूच, "मीच मारी टाकात का त्या झाडं?"

हेमकांत ट्रॅक्टर सांगून आलेला माणूस. त्याला आता बोलायला रान मोकळं होतं. पण तो आईशेजारी मातीत बसला आणि म्हणाला, "माय, मीन बी तेच करं आस्तं. मन्हा हातनी बी हजार केळीसले भर लायेल शे."

मला वाटतं, त्या दिवशी त्या घरात हेच सर्वांत मोठं औषध पडलं.

वत्सलाबाईंनी डोळे पुसले आणि मला उचललं. "दुसरं झाड देखा," त्या म्हणाल्या.

मग काय, आम्ही ओळीनं निघालो. दुसरं झाड गेलेलं. त्यापुढच्या झाडाला एका बाजूला हिरवी साल! आत पांढरट, ओलसर, जिवंत. ताईंनी सडकी साल चांगल्या सालीपर्यंत खरवडून काढायला सांगितली. पुढं काही गेलेली, काही अर्धी. जसजसे आम्ही विहिरीपासून लांब गेलो तसतशी साल हिरवी होत गेली. आणि बांधाकडच्या ओळी, जिथवर बाईंचे गुडघे पोचत नव्हते आणि ज्या रुसतील म्हणून बाई झुरत होत्या, त्यांच्या बुंध्याशी आप्पांनी ठेवला होता तसाच जोड वीतभर उघडा. झाडं धडधाकट!

वत्सलाबाई वाकून त्या जोडावरून बोट फिरवत राहिल्या. "म्हणजे त्यास्नं काम राह्येल नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुरंच व्हतं."

त्या संध्याकाळी हेमकांतनं ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. म्हणाला, फक्त विहिरीकडचा तुकडा नांगरायचा, बांधाकडे यायचं नाही. त्या तुकड्यात केळी लावायची ठरली. मधे खोल चर खणायचा, म्हणजे केळीचं पाणी सफरचंदाकडे जाणार नाही. "आणि माय," तो म्हणाला, "त्या केळीसले भर तूच लावजो. तठे तुन्हा हात पाहिजे."

बाई हसल्या. किती दिवसांनी, ते मीच जाणतो.

दुसऱ्या दिवशी झाडांचं मलम करायचं होतं. त्याला बोर्डो म्हणतात. मोरचूद म्हणजे निळे खडे, ते एका बादलीत विरघळवायचे. कळीचा चुना दुसऱ्या बादलीत. मग दोन्ही एकत्र. हेमकांत पत्र्याची बादली घेऊन आला, तर ताई ओरडल्या, "लोखंड नको! प्लास्टिकची आणा." आणि सगळं कालवून झाल्यावर म्हणतात कशा, "आता लोखंड आणा."

"आते नको म्हन्यात, आते आना म्हन्तस!" हेमकांत चक्रावला.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठ्या मानाची घटका. ताईंनी माझं घासलेलं टोक त्या निळ्या मिश्रणात बुडवून थोडा वेळ धरलं. बाहेर काढलं तर माझ्यावर तांब्याची लालसर झाक. "चुना कमी पडला," ताई म्हणाल्या. "असंच लावलं तर साल आणि पानं जळतील." त्यांनी चुन्याचं पाणी आणखी घातलं, ढवळलं, मला पुसून पुन्हा बुडवलं. या वेळी मी जसा गेलो तसाच लख्ख बाहेर आलो. "आता जमलं!" म्हणजे बघा, झाडांचं औषध पास झालं की नापास, हे एका बिनमुठीच्या विळ्यानं ठरवलं. निळ्या मुठीचा भिंतीला टेकून बघत होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खरवडलेल्या जागांना ब्रशनं घट्ट मलम लावलं. बुंध्यांची माती ओढून काढली, जोड मोकळे केले, ठिबकच्या नळ्या लांब सरकवल्या. पानं गळल्यावर झाडांवर आणि खाली पातळ बोर्डो फवारला, त्याआधी पुन्हा माझी परीक्षा घेऊनच. गळलेली पानं गोळा करून खड्ड्यात पुरली.

गेलेली झाडं काढली. बुंधे, मुळं जाळली. विहिरीजवळच्या झाडाची पाळी आली तेव्हा हेमकांत थांबला. वरची एक सरळ, निरोगी फांदी त्यानं कापून बाजूला ठेवली. ती फांदी हिवाळाभर ओसरीत, माझ्याच खुंटीखाली वाळत पडली होती.

माघात बांधाकडच्या ओळी फुलल्या. पांढरी-गुलाबी फुलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोके घ्यायचं सोडून झाडांवरची हिरवी फळं बघायला आल्या. ज्यांची अर्धी साल वाचली होती, त्या झाडांनीही थोडी थोडी फळं धरली.

उन्हाळ्यात एका दुपारी हेमकांत ती वाळलेली फांदी घेऊन बसला. तासली, घासली, पुन्हा तासली. मधेच आईला हाक मारून त्यानं तिचा हात मुठीवर ठेवून बघितला. मग शेवटी अंगठा टेकायला एक खोलगट जागा कोरली. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी आईच्या कडेवर बसून त्यानं ती जुनी मूठ बघितली असेल. माझं शेपूट तापवून त्यानं मुठीत ठोकलं. वत्सलाबाईंनी मला हातात घेतलं. अंगठा नेमका जागेवर बसला.

नुसत्या मला धरून बसल्या. आप्पांचं पहिलं झाड त्यांच्या मुठीत होतं.

मृग लागला आणि बांधाकडचं पहिलं फळ पिकलं. वत्सलाबाई गुडघे धरत धरत तिथवर चालत गेल्या. फळ तोडलं, पदरानं पुसलं आणि मला उलटं धरून त्याचे दोन भाग केले. तोच रस, मित्रांनो, तोच! अर्धं त्यांनी स्वतः खाल्लं. अर्धं हेमकांतपुढं धरलं.

तो म्हणाला, "माय, तूच खाय ना."

"खाय रे," त्या म्हणाल्या. "तुन्हा बापना वाटानं शे."

ज्यानं ती बाग नांगरायला ट्रॅक्टर सांगितला होता, त्यानं बापाच्या वाट्याचं सफरचंद खाल्लं. खाताना एकदाही वर बघितलं नाही.

तर अशी माझी कथा. आता मी ओसरीवर असतो, पण रिकामा नसतो. बोर्डो कालवला की मला बोलावणं येतं, आणि बुंध्याजवळचं गवत काढायला बाई मलाच नेतात. जोडापाशी माती आली की माझ्याच टोकानं ओढून काढतात.

तुम्हीही आपल्या झाडांवर, गुरांवर, माणसांवर माया करा. खूप करा. झाड आजारी दिसलं तर बाटली आणायच्या आधी त्याच्यापाशी जा. शेंडा बघा, पान बघा, आणि खाली वाकून बुंधाही बघा. माहीत नसेल तर माहीत असलेल्याला विचारा. आणि एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच, असं धरून चालू नका. केळीला भर हवी, सफरचंदाला मोकळीक हवी.

आणि हो, येत्या खंडेनवमीला मला टिळा लावायला आलात, तर जरूर लावा. फक्त कुंकू कोरडं असू द्या. वत्सलाबाईंनीही आता कोरडंच लावायचं ठरवलंय.